तिखाडीचं तेल, बाबांचं नाक

तेल खवट का होतं, या एका प्रश्नावर मी माझी उमेदीची वर्षं घालवली. मला बघायला आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "मुलगी नेमकं करते काय?" तेव्हा माय पटकन बोलून गेली, "तेलं सडवते जी." पाहुण्यांनी चहा संपवला आणि गेले ते गेलेच. मी मायवर दोन दिवस फुगून होते. खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं. भुईमुगाचं नाहीतर जवसाचं तेल काचेच्या भांड्यात घ्यायचं, गरम कपाटात ठेवायचं आणि दर चार दिवसांनी ते किती बिघडलं ते मोजायचं, हेच माझं काम होतं. काही भांड्यांत मी लवंगेचं, ओव्याचं, तुळशीचं, संत्र्याच्या सालीचं तेल थेंब थेंब घालत असे. झाडापाल्याच्या अशा वासाच्या तेलांत कोणकोणते घटक असतात आणि कोणतं तेल खवटपणाला जास्त दिवस अडवून धरतं, ते शोधून मला डॉक्टरेट मिळवायची होती. अँटिऑक्सिडंट हा शब्द आता चहाच्या पुड्यावरही छापलेला असतो. तेव्हा आमच्या इंदोऱ्यातल्या गल्लीत तो उच्चारला तर लोक म्हणायचे, "पोट्टी शिव्या देऊन राहिली का?"

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. गल्लीत एम. एस्सी. झालेली मी पहिली मुलगी. त्याचा मला माज होता, आणि राग तर जन्मापासूनच नाकाच्या शेंड्यावर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात त्या माजाचा आणि त्या रागाचा वाटा मोठा आहे.

तेलाचा वास आमच्या घरात माझ्या शिक्षणाच्या कितीतरी आधीपासून होता. बाबा पारशिवनीच्या पलीकडे जंगलात एका ठेकेदाराच्या भट्टीवर कामाला होते. तिथे तिखाडीचं तेल निघायचं. तिखाडी म्हणजे रोशा गवत. पाऊस सरता सरता ते उतारावर पुरुषभर वाढतं, त्याला तांबूस तुरे येतात. ते कापायचं, मोठ्या हंड्यात पाण्याबरोबर उकळायचं, वाफ नळीतून ओढ्याच्या गार पाण्यात न्यायची आणि पाण्यावर तरंगणारं तेल हलक्या हाताने काढून घ्यायचं. हे तेल साबणात जातं, अत्तरात जातं. दसऱ्याच्या सुमाराला बाबा वळकटी घेऊन निघत आणि थंडी चांगली पडल्यावर परत येत. आले की त्यांच्या सदऱ्याला, उशीला, हाताने मोडलेल्या भाकरीलाही तो वास लागलेला असे. मायने सदरा सोड्यात उकळला तरी तो जात नसे.

तिखाडी दोन तऱ्हेची असते. एक मोतिया, तिचं तेल गोड, गुलाबाच्या अंगाने जाणारं आणि महाग. दुसरी सोफिया, तिचा वास उग्र, थोडा आल्यासारखा, आणि भाव कमी. गंमत अशी की डोळ्याला दोन्ही गवतं सारखीच. भलेभले फसतात. बाबा मात्र पेंढीतला एक तुरा तळहातावर चोळत, नाकाशी नेत आणि क्षणभरही न थांबता सांगत, "हे इकडे टाक, थे तिकडे." तेवढ्या वासावरून ते आणखीही काय काय सांगत. गवत उन्हातल्या उताराचं की झाडाखालच्या सावलीतलं, तुरा कोवळा कापला की पिकल्यावर, कापल्यावर त्याच्यावर पाऊस पडला का. त्या भट्टीच्या तेलाला नाव होतं ते त्यांच्या नाकामुळे, असं ठेकेदार स्वतः म्हणत असे. या धंद्यातली माणसं गवताच्या तऱ्हेला "जात" म्हणतात. मोतिया जात, सोफिया जात. छप्पन साली आमच्या घरच्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मी जेमतेम सहा वर्षांची. त्यानंतर बाबांनी हा शब्द जिभेवर येऊ दिला नाही. एकदा मुनिमाने विचारलं, "आज कोणत्या जातीचं काढून राहिले?" बाबा म्हणाले, "जात मानसानं काढली जी, गवताले कायले लावता? वाण म्हना, वाण." मुनीम हसला. पण हळूहळू त्या भट्टीवर सगळेच वाण म्हणायला लागले. ही गोष्ट माय आम्हाला अगदी रंगवून सांगायची.

माझ्या कामात तिखाडीचं तेल घ्यायचंच, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं. सर म्हणाले, "बाजारातलं घेऊ नका, खात्रीचं हवं." मी छाती फुगवून म्हटलं, "सर, माझ्या वडलांइतकी खात्री अख्ख्या जिल्ह्यात सापडायची नाही." बाबांना सहा बाटल्या मोतियाच्या आणि सहा सोफियाच्या भरून द्यायला सांगितलं. बारा रिकाम्या बाटल्या आणि प्रत्येकीबरोबर एक चिठ्ठी दिली. या चिठ्ठ्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्याच नमुन्यांसाठी छापलेल्या होत्या. त्यावर रकाने होते: क्रमांक, ठिकाण, कापणीचा दिवस, जात, काढणाऱ्याचे नाव. बाबा प्रौढपणी साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले होते, अक्षर मोठं आणि सरळ. बाटल्या घेताना ते नुसते हो म्हणाले. एरवी मी काही विचारलं की त्यांची चार वाक्यं ठरलेली असत. त्या दिवशी नव्हती, आणि माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

तीन आठवड्यांनी पेंढ्यात गुंडाळलेल्या बाटल्यांचं खोकं आलं. मी पोचण्याआधीच बरोबरच्या एकाने ते उघडलं होतं. दारातच मला हसण्याचा आवाज आला. तो एकेक चिठ्ठी वाचून दाखवत होता. बाराही चिठ्ठ्यांवर, जात या शब्दापुढे, बाबांनी आपल्या मोठ्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: बौद्ध.

"अरे, हे तर बौद्ध तेल निघालं!" तो म्हणाला. "राखीव जागेवर भरती झालं असेल."

सगळे हसले. मला पाहून दोघं गप्प झाले, बाकीच्यांना गप्प होण्याचीही गरज वाटली नाही. मी चिठ्ठ्या गोळा केल्या. खरं तर त्या हसणाऱ्याच्या मुस्काटात ठेवून द्यायला हवी होती. पण माणूस कसा असतो पाहा, मला राग आला तो बाबांचा. इतकी वर्षं तेल काढलं आणि एवढं समजू नये? माझं नाक कापलं यांनी, असंच माझ्या मनात आलं. सर तेवढे शांत होते. म्हणाले, "काही बिघडलं नाही. कोणती बाटली कशाची, ते तपासून ठरवता येईल."

मग मी तपासायला बसले. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल नावाचा घटक भरपूर असतो, तेलाचा गोड वास त्याच्यामुळेच. सोफियाच्या तेलात तो बराच कमी, आणि बाकीचे घटकही निराळे. तेलातून प्रकाश सोडला तर तो किती वळतो, यातही दोघांचा फरक कळतो. मी एकेक बाटली घेतली. दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं. सहा मोतिया नाही, सहा सोफिया नाही. बाराही बाटल्यांत खिचडी. शुद्ध म्हणावी अशी एकही बाटली नव्हती.

त्या रविवारी मी पारशिवनीची एसटी धरली. उतरल्यावर दीड तास पायी. चालता चालता राग उतरेल, असं कुणाला वाटलं असतं. माझा चढत गेला. भट्टी पेटलेली होती, कापणारे पेंढ्या टाकत होते, मुनीम खाटेवर पडला होता. बाबा ओढ्यात उभे राहून पाण्यावरचं तेल काढत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "आली का वं? जेवली का?" असं काहीतरी म्हणाले. मी तशीच काठावर उभी राहिले. सगळ्यांसमोर म्हटलं, "बाबा, तुम्ही तेलात भेसळ केली."

हंड्याखाली लाकडं सारणारा माणूस थांबला. मुनीम उठून बसला. आजूबाजूला कोण आहे याचं मला भान असायला हवं होतं. नव्हतं. तेल काढणाऱ्याला चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, भेसळ म्हटलेली चालत नाही, हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं.

"मी तीन-तीनदा तपासलं," मी म्हटलं. "एक बाटली शुद्ध नाही. यंत्र खोटं बोलत नाही. माझं नाक कापलं तुम्ही तिथे!"

त्यांनी ओले हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "असन."

"असन काय असन! काहून केलं असं?"

त्यांनी मान खाली घातली आणि पुन्हा तेल काढायला लागले. मला वाटलं, लाजले. मी तशीच आल्या पावली परत फिरले. पाणीसुद्धा प्यायले नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "पोरी, चहा तं घेऊन जाय." मी मागे वळून पाहिलं नाही.

घरी आल्यावर मायला सगळं सांगितलं, आणि वर तावातावाने म्हटलं, "आता त्यांच्या तेलाचा थेंब मी कामात घेणार नाही." माय तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं.

"कोन म्हनते भेसळ?" ती म्हणाली. "तुह्या बापाले वास येत नाई वं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते.

"दोन पावसाळे झाले," माय म्हणाली. "थो मोठा ताप आला होता पाय, त्याच्यात गेला. मी वरन चुलीवर ठेवून पान्याले गेली. आली तं वरन जळून कोळसा, घरात धूर. आन हे तथीच बाजूले बसून, मान खाली घालून सुतळी वळून राहिले. तवा समजलं मले."

"मग मला का नाही सांगितलं?"

"त्याईनं गळ्याची शपथ घातली होती. पोरगी तेलावरच शिकून राहिली म्हने, तिले नको सांगू."

"अगं पण मग माझ्या बाटल्या तरी का भरल्या? सरळ नाही म्हणायचं!"

माय माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पुन्हा दहा-बारा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. "तू पयल्यांदा काई मांगतलं त्याईले," ती म्हणाली. "नाई कसं म्हनतीन?"

मग सगळा उलगडा व्हायला काय वेळ लागतो! दोन वर्षं बाबा कापणाऱ्यांच्या भरवशावर पेंढ्या वेगळ्या करत होते. तळहातावर तुरा चोळायचा, नाकाशी न्यायचा, सवयीने "इकडे, तिकडे" म्हणायचं, आणि आतून धाकधूक. मी त्या रात्री जेवले नाही. पुढच्या रविवारी जायचं, सगळ्यांसमोर बोलले तर सगळ्यांसमोरच पाय धरायचे, असं ठरवलं. त्या एका गोष्टीवाचून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवार यायचाच होता, आणि बुधवारी बाबा वळकटी खांद्यावर टाकून दारात उभे. हंगाम अजून महिनाभर बाकी होता.

त्यांच्याबरोबर लाकडं सारणारा माणूस आला होता, त्याच्याकडून कळलं. मी निघून आल्यावर मुनिमाने भेसळीची गोष्ट ठेकेदारापर्यंत नेली. सख्खी मुलगी, शिकलेली, यंत्रावर तपासून सांगते म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? ठेकेदार आला. भट्टीवरच्या तिघांनाही समोर उभं करून म्हणाला, भेसळ कोणी केली ते सांगा, नाहीतर तिघंही निघा. बाबा पुढे झाले. म्हणाले, "भेसळ नाई जी. कोनीच नाई केली. माह्यं नाक गेलं, दोन वर्सं झाले. म्या लपवलं, हा माह्या गुन्हा." ठेकेदाराला म्हणे वाईट वाटलं. पण बिननाकाचा माणूस भट्टीवर ठेवून तो करणार काय? दुसरा माणूस आणला.

मी पाय धरायला वाकले तर बाबांनी खांद्याला धरून उभं केलं. "चहा ठेव वं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, माझं चुकलं." ते म्हणाले, "साखर कमी टाकजो. तशीबी चव लागत नाई, तं कायले वाया घालवाची?" एवढंच. पुढे जेव्हा जेव्हा मी तो विषय काढला तेव्हा त्यांनी तो असाच बाजूला सारला, रागाने नाही, जसं आपण ताटातली मिरची बाजूला करतो. मला माफ केलं म्हणाले असते तर मी रडून मोकळी झाले असते. त्यांनी तेही केलं नाही, आणि माफ केलं नाही असंही कधी दाखवलं नाही.

चिठ्ठीचं मात्र मी विचारलंच. "बाबा, जात म्हणजे वाण, हे तुम्हाला समजलं नव्हतं का?"

"वा! समजलं ना," ते म्हणाले. "तीस वर्सं तेल काढलं, एवढं समजत नाई का? बाटली हुंगली. पुन्हा हुंगली. काईच समजलं नाई. मोतिया लिहू का सोफिया? खोटं कसं लिहू, तुह्या शिक्षनाचं काम. आन रकाना रिकामा ठेवला असता तं तुहे सर म्हनले असते, याले लिहता येत नाई. मंग म्हनलं, जे पक्कं माहीत हाय थे लिहू."

हे ऐकून मी चूल फुंकायच्या निमित्ताने आत गेले.

नंतरची वर्षं बाबा घरीच. सुतळ्या वळायचे, खाटा विणायचे. माझं काम पुरं होत आलं तेव्हा एक दिवस विचारलं, "आपली तिखाडी कितवी आली वं?" शाळेचा निकाल विचारावा तसं. खरी गोष्ट अशी की खवटपणा अडवण्यात ओवा आणि लवंग कुठल्या कुठे पुढे होती. त्यांच्यात असतात ते घटक तिखाडीत नाहीत. तिखाडीचा वास गोड, पण तेल टिकवण्याच्या कामी ती जेमतेम. माझ्या तक्त्यात ती जवळजवळ तळाशी होती, तिच्याखाली फक्त संत्र्याची साल. मी म्हटलं, "तिसरी." आयुष्यभर आकडे खरे लिहिले, हा एक खोटा सांगितला. त्यांनी गल्लीभर सांगितलं. "ओवा, लवंग, आन मंग आपली तिखाडी!" मला डॉक्टरेट मिळाली त्यापेक्षा त्यांना याचाच आनंद जास्त.

ऐंशी साल उलटल्यावरची एक थंडी. बाबा खाटेला लागले होते. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि बाबांना ते आमच्या आधी कळलं होतं. एक दिवस मी प्रयोगशाळेतून मोतियाच्या शुद्ध तेलाची छोटी बाटली घेऊन आले. काय वाटलं होतं मला, देव जाणे. कदाचित इतक्या वर्षांनी आत काही जागं होईल. बूच काढून बाटली त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला, मग मान हलवली.

"काय हाय त्याच्यात?" त्यांनी विचारलं.

मी आनंदाने सांगायला लागले. निदान हे तरी मला येत होतं. जिरॅनिऑल सगळ्यात जास्त, मग जिरॅनिल अ‍ॅसिटेट, लिनॅलूल, आणि थोडे थोडे बाकीचे. एकेकाचं नाव सांगत गेले.

"हे तं नावं झाले," ते म्हणाले. "वास कसा हाय, थे सांग."

मी बाटली नाकाशी नेली. "गोड आहे बाबा. गुलाबासारखा."

"थे तं मुनीमबी सांगे." ते किंचित हसले. "नीट हुंग. उताराचं गवत हाय का सावलीचं? तुरा पिकला होता का कच्चाच कापला? पानी पडलं होतं का त्याच्यावर?"

मी पुन्हा हुंगलं. डोळे मिटून हुंगलं. इतकी वर्षं त्या तेलाबरोबर काढली होती, त्याचं अंतर्बाह्य मोजून झालं होतं, त्याच्यावर अख्खा प्रबंध लिहिला होता. बाबांनी आजवर माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मला गोड वास आला, आणि त्याच्या पलीकडे काहीच नाही.

"मला नाही सांगता येत, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. लहानपणी गणित चुकलं की ठेवायचे तसाच. "राहू दे," ते म्हणाले. "मंग आता कोनालेच नाई समजत."